बुडीत शेतांच्या काठाने



हिवाळ्यात एक दिवस मोकळा काढून पायी हिंडायला कोठे जावे, असे मला कोणी विचारले, तर मी थंड हवेचे ठिकाण सांगणार नाही. नाथसागराचा काठ सांगेन. घोडेगावाहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने एस.टी.त बसावे, प्रवरासंगमाला उतरावे आणि फडक्यात भाकरी बांधून पाण्याच्या कडेने चालू लागावे.

तेथे पट्टकादंब हंस दिसतात. मंगोलिया-तिबेटाकडचे हे पाहुणे हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, चोच उलटी बुडवून पाणी गाळणारे रोहित दिसतात. हे पक्षी येथेच का उतरतात? कारण पाणी उथळ, काठ सपाट. पाणी ओसरले की मैलोगणती ओला गाळ उघडा पडतो आणि त्यात त्यांना चारा मिळतो.

आणि काठ इतका सपाट का? कारण तो मुळी तळ्याचा काठच नव्हे. ती गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली काळी राने होती. डॉ. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. इतकी या खोऱ्यातली वहिवाट जुनी.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. शंभराहून अधिक गावांच्या जमिनी त्यात गेल्या. १९८६ साली या जलाशयाचे पक्षी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३४० चौरस किलोमीटर, म्हणजे नदीचे पात्र धरून ८४ हजार एकर.

धरण नको होते, असे मी म्हणत नाही. कालव्याखालच्या मराठवाड्याच्या शिवाराला विचारा, पाणी काय चीज आहे ते! पण जन्मभर मजुरीचे हिशोब तपासणारा मी माणूस. किंमत कोणी मोजली, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही. त्या वेळी जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या कायद्याने. भरपाई मिळे ती जमिनीत हक्क असणाऱ्याला. दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करणाऱ्याचा त्यात हक्क धरलाच जात नसे. त्याचे शेत बुडाले नाही, पण रोजगार बुडाला! पुनर्वसनाचा पहिला राज्य कायदा १९७६ चा, म्हणजे धरण उभे राहिल्यावरचा. शेतमजूर, कूळ आणि कारागीर यांच्या कुटुंबांना ‘बाधित’ म्हणणारा केंद्राचा कायदा २०१३ चा. त्याचा अंमल २०१४ पासून. जायकवाडीच्या मजुराची तोवर एक पिढी सरली होती.

आता काठावर पाहा. पाणी मागे हटले की उघड्या गाळावर गहू-हरभरा पेरला जातो. त्याला गाळपेर म्हणतात. हंस त्याच कोवळ्या पिकात चरतो. पक्ष्याला अन्न हवे, माणसालाही हवे. अशा वेळी शहरातला पक्षीप्रेमी शेतकऱ्याला अडाणी म्हणतो, शेतकरी पक्ष्याला चोर म्हणतो आणि भांडण दोन पोटांतच लागते. खरा प्रश्न मात्र दोघांच्या पोटाबाहेरचा आहे. ज्या पाण्याचा आणि ज्या पाखरांचा लाभ साऱ्या समाजाने घ्यायचा, त्याचा बोजा थोड्याच घरांवर का?

म्हणून माझे मागणे साधे आहे. अभयारण्यातली राखणदारी, होडी, वाटाड्याचे काम प्रथम बुडीत गावांच्या घरांना मिळाले पाहिजे, आणि त्यात भूमिहीनांची घरे मोजली पाहिजेत. पाखरांनी पीक खाल्ले, तर त्याची भरपाई वेळेवर हाती पडली पाहिजे. एवढे झाले, तर पाखरांना त्यांच्याइतका चांगला राखणदार मिळणार नाही.

आपण जरूर जा. दुर्बीण असेल तर न्या. पण दुपारी भाकरी सोडाल तेव्हा गाळपेर करणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांशेजारी बसा आणि विचारा, “बाबा, आपलं गाव कोणतं?” ते बहुधा पाण्याकडे बोट दाखवतील.