आधी फोन बोलता करा

दृष्टिहीन व्यक्तीने स्मार्टफोन निवडताना दुकानदाराचं वर्णन नंतर ऐकावं, आधी फोनचं बोलणं ऐकावं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी हा भाग असतो. तिथे टॉकबॅक सुरू करायला सांगा. मग पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतो. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतं. 2009 सालच्या थ्रीजीएस या मॉडेलपासून ते आयफोनमध्ये आहे.

बोट ठेवल्यावर आवाज रेंगाळत आला, तर तो फोन परत ठेवा. स्वस्त फोनची खरी परीक्षा इथेच होते. मराठी आवाजही तपासा. बोटाच्या ठशाचा सेन्सर कडेच्या बटणात असेल तर तो चाचपून सापडतो; सपाट काचेखालचा शोधावा लागतो. इअरफोनची जागा असेल तर उत्तमच. बँकेतली शिल्लक चारचौघांत कशाला ऐकवायची?

‘तुम्हाला कॅमेरा कशाला?’ असं कुणी म्हणेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. छापील पत्र वाचून घ्यायला कॅमेराच लागतो. रिझर्व्ह बँकेचं 2020 साली आलेलं ‘मनी’ ॲपही कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते सांगतं, तेही इंटरनेटशिवाय.

तेव्हा घाई करू नका. दुकानातच स्वतः एक फोन लावून पाहा, एक संदेश लिहून पाहा, आणि मगच पैसे द्या.