कुत्र्यांची ॲलर्जी आणि रक्तचाचणीचा भरवसा

कुत्रे पंजे सतत चाटू लागले, कान पुन्हा पुन्हा दुखू लागले आणि काख, जांघ व पोटावरची कातडी खाजवून लाल झाली, की ॲलर्जीचा संशय येतो आणि मग रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून कारणांची तयार यादी मिळविण्याचा मोह होतो. ही चाचणी निरुपयोगी नाही. परंतु ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या अहवालावर विसंबणे योग्य ठरत नाही.

या चाचणीत रक्तातील ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड, म्हणजे विशिष्ट बाह्य पदार्थाला ओळखणारी प्रथिने मोजली जातात. माणसातील या प्रतिपिंडाचा शोध अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी १९६६-६७ च्या सुमारास लावला. पुढे कुत्र्यांतही तो आढळला. मात्र खाज उत्पन्न होते ती कातडीतील पेशींना चिकटलेल्या प्रतिपिंडांमुळे आणि चाचणी मोजते ते रक्तात फिरणारे प्रतिपिंड, त्यामुळे दोहोंचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. निरोगी कुत्र्यांच्या रक्तातही धुळीतील माइट या सूक्ष्म अष्टपाद जीवांविरुद्ध किंवा परागकणांविरुद्ध प्रतिपिंड सापडतात. उलट ॲलर्जीची सर्व लक्षणे असलेल्या काही कुत्र्यांत ते सापडतच नाहीत. वनस्पतींच्या प्रथिनांना जोडलेल्या शर्करांमुळेही अनेक परागकणांचे निकाल एकदम ‘सकारात्मक’ येऊ शकतात. शिवाय यादी जितकी लांब, तितकी चुकीची शक्यता अधिक : समजा, ४० पदार्थांची तपासणी झाली आणि प्रत्येक निकाल शंभरात पाच वेळा खोटा सकारात्मक येत असेल, तर पूर्ण निरोगी कुत्र्यालाही सरासरी दोन पदार्थांची ॲलर्जी ‘सिद्ध’ होईल.

अन्नाच्या बाबतीत तर रक्तचाचणीवर निदान सोपविणे त्वचारोगतज्ज्ञांना मान्य नाही. केस आणि लाळ तपासणाऱ्या चाचण्यांची स्थिती याहून वाईट आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचे निकाल कृत्रिम केसांच्या निकालांपेक्षा वेगळे ओळखता आले नाहीत. अन्नाची ॲलर्जी तपासण्याचा ग्राह्य मार्ग म्हणजे पूर्वी कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार किमान आठ आठवडे देणे आणि त्यानंतर जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते की नाही ते पाहणे. पाश्चात्त्य पुस्तके त्यासाठी मेंढीचे मांस सुचवीत आली; परंतु ज्या कोल्हापुरात रविवारच्या मटणातला वाटा घरच्या कुत्र्यालाही मिळतो, तेथे ते नवे प्रथिन मानता येत नाही. दूध, कोंबडी आणि गहू ही तर ॲलर्जीची वारंवार आढळणारी कारणे असून दूध-चपातीवर वाढलेल्या कुत्र्याच्या रोजच्या ताटात त्यांतली दोन असतात. अशा वेळी कधी न दिलेला एखादा मासा आणि रताळे यांसारखा आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा लागतो.

त्याही आधी पिसवा, गोचीड, खरूज, बुरशी आणि जिवाणूसंसर्ग यांचा बंदोबस्त झाला पाहिजे. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात बुरशी आणि माइट दोन्ही फोफावतात, तर पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीही अंगभर खाज सुटू शकते. या साऱ्या कारणांचे निरसन करून, लक्षणे व पूर्वेतिहास पाहून पशुवैद्यकाने परिसरातील पदार्थांच्या ॲलर्जीचे निदान केले, की मग रक्तचाचणीला खरे स्थान मिळते. कारण कोणते पदार्थ अत्यल्प मात्रेपासून वाढवीत टोचावेत आणि शरीराला त्यांची सवय लावावी, हे ठरविण्यास ती साहाय्य करते. या उपचाराने सुमारे ५० ते ७० टक्के कुत्र्यांत लक्षणीय सुधारणा होते, मात्र त्यासाठी वर्षभरही धीर धरावा लागतो.

म्हणून नमुना पाठविण्यापूर्वी मालकाने दोन गोष्टी विचाराव्यात : तपासणीच्या यादीत गाजरगवतासारख्या या भागातील वनस्पती आहेत काय, आणि निकाल काहीही आला तरी त्यामुळे उपचारात नेमका कोणता बदल होणार आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तोच पैसा पिसवांच्या औषधावर आणि आहाराच्या परीक्षेवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.