चुकलेल्या गाठी आधी बघा



आज तुम्हा विद्यार्थ्यांना बक्षीस देताना ज्याला-त्याला विचारत होतो, पुढे काय शिकणार? बऱ्याच जणांनी ‘मशीन लर्निंग’ म्हणून सांगितलं. मनापासून आनंद झाला. सुरुवात लॉजिस्टिक रिग्रेशनपासून, म्हणजे ‘हे की ते’ याचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतीपासून करा.

पायथॉनच्या सायकिट-लर्न या मोफत लायब्ररीत स्तनातल्या 569 गाठींची माहिती आयती मिळते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सुईने काढलेल्या पेशींच्या चित्रांवरून ती तयार केली आहे. प्रत्येक गाठीची 30 मापं; त्यांवरून गाठ साधी की कर्करोगाची, हे प्रोग्रामने ओळखायचं. माहितीचे दोन भाग करा, एक शिकवायला, दुसरा परीक्षेला. एका ओळीत ‘फिट’ म्हणजे शिकणं, पुढच्या ओळीत ‘प्रेडिक्ट’ म्हणजे अंदाज. झाला प्रोग्राम!

आत काय घडतं? मॉडेल प्रत्येक मापाला वजन देऊन बेरीज करतं. ती बेरीज कितीही येवो, एस आकाराचा एक वक्र तिला 0 आणि 1 यांच्या मध्ये आणतो. बेरीज 0 आली तर गाठ साधी असण्याची संभाव्यता 0.5, 2 आली तर 0.88. लोकसंख्येची वाढ मांडण्यासाठी बेल्जियमच्या फेरहुल्स्ट यांनी 1838 मध्ये हाच वक्र वापरला होता.

अचूकता नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते आणि हुरूप येतो. पण 569 पैकी 357 गाठी साध्याच आहेत. डोळे मिटून सगळ्यांना ‘साधी’ म्हटलं, तरी जवळपास 63 टक्के उत्तरं बरोबर येतात! शिवाय इथे 0 म्हणजे कर्करोगाची गाठ आणि 1 म्हणजे साधी. हे न वाचताच निकाल लावला, तर सगळंच उलटं होईल.

‘प्रेडिक्ट’ 0.5 वर रेघ ओढतं. गाठ साधी असण्याची संभाव्यता 0.6 आली, की ते ‘साधी’ म्हणून मोकळं होतं. ती रेघ 0.9 वर न्यायची का, हे तुम्ही ठरवायचं. साध्या गाठीची पुन्हा तपासणी झाली, तर त्या बाईचे चार दिवस काळजीत जातील. कर्करोगाची गाठ नजरेतून सुटली, तर तिचा जीव जाऊ शकतो. प्रोग्रामच्या हिशेबात मात्र दोन्ही चुका सारख्याच.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. येत्या सुट्टीत हा प्रोग्राम स्वतः टाइप करून चालवा. अचूकतेचा आकडा मित्रांना दाखवण्याआधी चुकलेल्या गाठी एकेक करून उघडा आणि त्यातल्या किती कर्करोगाच्या होत्या, ते मोजा.