पायवाटेचा हक्क आणि नियमांतील अपवाद

(गृहनिर्माणाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अल्प उत्पन्न गटासाठी उभारायच्या वसाहतीचा नकाशा मंजूर होतो, तेव्हा त्यावर सदनिकांची संख्या असते, चटईक्षेत्राचा हिशेब असतो, वाहनतळाची जागाही असते. त्या वसाहतीतील माणूस सकाळी घराबाहेर पडून रेल्वे स्थानकापर्यंत, शाळेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत पायी कसा जाणार, याचे उत्तर मात्र त्या नकाशात क्वचितच सापडते. नियमाप्रमाणे वसाहतीला रस्ता असतो. पण तो वाहनांच्या हिशेबाने आखलेला असतो आणि पुष्कळदा लांबचा वळसा घेतो. जवळची वाट असते ती शेजारच्या आरक्षित भूखंडातून, नाल्याच्या काठाने किंवा एखाद्या जुन्या गृहसंकुलाच्या कुंपणापलीकडून. तेथे नियम आडवा येतो आणि त्या नियमाला अपवाद मागण्याची वेळ येते. असा अपवाद मागणे ही कृपेची याचना आहे की न्याय्य हक्काची मागणी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटतो, म्हणून आधी साधा हिशेब मांडलेला बरा. समजा, स्थानक सरळ वाटेने ४०० मीटरवर आहे आणि मंजूर रस्त्याने दीड किलोमीटरवर. जाण्यायेण्याचा फरक दररोज २,२०० मीटरांचा झाला. महिन्याचे पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्या मोलकरणीला त्यापायी ५५ किलोमीटर जास्त चालावे लागते. ती चालली नाही, तर रिक्षाचे भाडे भरते. घर स्वस्त मिळाले असे शासन सांगते. पण स्वस्ताईचा एक भाग असा तिच्या पायांतून किंवा पदरातून वसूल होत राहतो.

नियम मोडला तर व्यवस्थाच कोसळेल, असे सांगणारे अधिकारी या शहराला नवे नाहीत. म्हणून नियमांना अपवाद आजवर कोणासाठी झाले, याची उजळणी आवश्यक ठरते. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने अतिरिक्त जमीन शासनाकडे यावी आणि ती सामान्यांच्या घरांसाठी वापरली जावी, अशी अपेक्षा होती. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये मात्र सार्वजनिक हितासाठी किंवा जमीनमालकाला होणाऱ्या अवाजवी अडचणीसाठी सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे ठेवला गेला. या वाटेने किती जमीन निसटली, हे सर्वश्रुत आहे. तरीही त्याच कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत हजारो सहकारी घरे उभी करून दाखविली. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला.

गिरण्यांच्या जमिनीची कथा याहून बोलकी आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन स्थूलमानाने तीन वाट्यांत विभागली होती : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही विभागणी केवळ गिरणीच्या आवारातील मोकळ्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य मानली. गिरणगावात कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. तेथे रोज पायी येणाऱ्या लाखोंच्या वाटा मात्र जुन्याच राहिल्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. मालकांसाठी नियम बदलता येतो, हे २००१ ने सिद्ध केले. पादचाऱ्याचा विचार न झाल्याची किंमत कोण मोजतो, हे २०१७ ने.

गरिबांच्या घरांसाठीही सवलती दिल्या जातात, असे यावर उत्तर मिळेल. त्या सवलतींचे स्वरूप पाहावे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत २० मीटरपर्यंत लांबीच्या पायवाटेला दीड मीटर रुंदी पुरेशी मानली गेली. ५० मीटरच्या वाटेला तीन मीटर. इमारतीने वाटेला खेटून उभे राहण्यासही मुभा मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना निवासी भागातील पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगतात. म्हणजे सवलतीच्या नावाखाली पादचाऱ्याचीच जागा आक्रसली आणि वाचलेल्या जागेवर बांधकाम चढले. मानखुर्द-गोवंडीतील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधील अंतर जेमतेम तीन मीटर ठेवले गेले. खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, वारा खेळत नाही; अशा रचनेचा क्षयरोगाशी संबंध असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय पाहणीने दाखविले.

यावरून कसोटी स्पष्ट होते. ज्या अपवादाने माणसाची वाट अरुंद होते आणि इमारत फुगते, तो गरिबांच्या नावाने मागितलेला असला तरी नाकारला पाहिजे. ज्या अपवादाने इमारतीचे एक इंचही न वाढता माणसाची वाट मोकळी होते, तो मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

असा अपवाद कायद्याच्या चौकटीतच बसतो. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने, तिच्या पूर्वीच्या नियमावलीप्रमाणेच, उघड दिसणारी अडचण असेल तेथे कारणे लेखी नोंदवून मापे शिथिल करण्याचा अधिकार आयुक्तांना दिला आहे. आरोग्य, अग्निसुरक्षा आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना बाध येता कामा नये, एवढी अट आहे. आरक्षणातच फेरबदल हवा असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम ३७ आहे. त्यात सूचना प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. ‘अडचण’ हा शब्द कायद्यात आहेच. जमीनमालकाची अडचण आजवर सहज दिसली. मोलकरणीची, विद्यार्थ्याची, काठी टेकत दवाखान्यात जाणाऱ्या वृद्धाची अडचण त्याच शब्दात बसते, हे अर्जातून सिद्ध करावे लागेल.

त्यासाठी अर्ज भावनेवर न सोडता पुराव्यावर उभा केला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ किती माणसे कोणत्या वाटेने जातात, याची मोजणी रहिवाशांनी स्वतः करावी. दोन्ही वाटांची अंतरे नकाशावर दाखवावीत. मागणीत अटीही स्वतःहून घालाव्यात : वाट किमान १.८ मीटर मोकळी असावी, चाकाची खुर्ची जाईल असा उतार असावा, दिवे आणि पाण्याचा निचरा असावा. वाटेवर सार्वजनिक वहिवाटीचा हक्क नोंदलेला असावा आणि फाटक लावण्यास मनाई असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या वाटेच्या बदल्यात विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळू नये. अन्यथा पायवाट हे बांधकाम वाढविण्याचे नवे निमित्त ठरेल.

हरकती येतील. अग्निशामक बंब पायवाटेने जाणार नाही, हे खरेच आहे. म्हणून पायवाट मुख्य रस्त्याच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला मागावयाची आहे. बाग किंवा मैदान यांची जागा घटेल ही शंका रास्त आहे; कडेने आखलेली वाट त्यांना वापरणारी माणसे मिळवून देते, हे आराखड्यातून दाखवावे लागेल. शेजारच्या संकुलाची हरकत मात्र निराळी असते. परके लोक येतील, असे ते म्हणतात. त्यांच्या घरची धुणीभांडी करणारी, त्यांची मुले सांभाळणारी माणसे दिवसा परकी नसतात. कुंपणातून वाट मागितली की परकी होतात. या हरकतीला तांत्रिक उत्तर नाही. तिला उत्तर देण्याचे काम राजकारणाचे आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळारहित पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हा हक्क निकालपत्रात राहिल्याने कोणाचीही वाट मोकळी होत नाही. घरांसाठी लढणाऱ्या संघटनांनी यापुढे आपल्या मागणीपत्रात सदनिकेच्या क्षेत्रफळाबरोबर पायी जाण्याची वाटही लिहावी, आणि ती नकाशा मंजूर होण्यापूर्वी लिहावी. इमारत उभी राहिल्यावर वाट मागणे दसपट कठीण होते. त्या वेळी प्रत्येक मीटरवर कोणाची तरी भिंत उभी असते.