हिरवा ठिपका आणि घरचा नेम



रायपूरच्या समता कॉलोनीत किंवा तिच्या आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या शहरात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणसे इकडे आहेत, आणि 1956 पर्यंत या भागाचा कारभार नागपूरहूनच चालत असे. परंतु एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ‘फलाहारी’ असे छापलेला चिवड्याचा पुडा हाती घेतला, की मराठी गृहिणीला क्षणभर थांबावे लागते. फलाहारी म्हणजे आपल्या उपवासाला चालणारे, असे खुशाल समजावे काय?

पुड्यावर हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो. तो पाहून पुष्कळांचे समाधान होते. हे चिन्ह 2001 साली सक्तीचे झाले. मांसाहारी पदार्थांवर तेव्हा तपकिरी ठिपका असे. रंग न ओळखणाऱ्यांची अडचण ध्यानात घेऊन 2020 च्या नियमांनी त्याच्या जागी त्रिकोण आणला. पण हा हिरवा ठिपका उत्तर देतो ते एकाच प्रश्नाचे: यात मांस, मासे, अंडी किंवा प्राण्यापासून काढलेला एखादा अंश आहे काय? दूध आणि मध यांना त्यात मोकळीक आहे. कांदा, लसूण, बटाटा, गहू यांविषयी तो काहीच बोलत नाही. ते त्याचे कामही नव्हे.

आणि आपले नेम तर किती परींचे! बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सारी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. जुन्या धर्मग्रंथांना त्यांची ओळख असणे शक्यच नव्हते. तरी आपण त्यांना उपवासाच्या पंक्तीत मानाने बसविले, आणि गहू-तांदळाला मात्र बाहेर उभे केले. (‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही.) म्हणजे हा नेम पोथीपेक्षा घराने ठरविलेला आहे. शेजारच्या हिंदी भाषक घरी उपवासाला सैंधवच लागते. आपल्याकडे पुष्कळ घरी साधे मीठ चालते. आपली भगर त्यांच्याकडे ‘समा’ या नावाने येते. आणि त्यापलीकडे एखादे जैन कुटुंब असेल, तर आपण उपवासाचे म्हणून निःशंकपणे पुढे केलेले बटाट्याचे काप त्यांना मुळीच चालणार नाहीत, कारण ते कंदमूळ.

तेव्हा ठिपक्यावर न थांबता पुड्याच्या पाठीमागची घटकांची यादी वाचावी. यादीत जो जिन्नस वजनाने अधिक तो आधी येतो. खरी मेख शेवटच्या बारीक अक्षरांत असते. उपवासाला हिंग चालणाऱ्या घरांनीही ध्यानात ठेवावे, की बाजारातला बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. त्यात डिंकाबरोबर बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ असते. मसाल्याबरोबर येणारे माल्टोडेक्स्ट्रिन पुष्कळदा मक्याचे असते. गव्हाचा अंश असण्याचा संभव सांगणारी सूचना छापलेली असते ती वस्तुतः त्या धान्याची बाधा होणाऱ्यांसाठी; परंतु व्रतस्थ माणसालाही तिचा उपयोग आहे, कारण एकाच कारखान्यात काय काय तयार होते याचा सुगावा तिच्यातून लागतो.

नावाऐवजी आकडे आले, की वाचणाऱ्याचे काही चालत नाही. 631 या क्रमांकाचे रुचिवर्धक द्रव्य मांस-मासळीपासून काढता येते, तसेच वनस्पतिजन्य पिष्ट आंबवूनही करता येते. आकडा दोन्हीकडे तोच! हा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे आला, आणि डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सांगितले, की घटक केवळ सांकेतिक क्रमांकाने नव्हे, तर त्याचे मूळ वनस्पतीचे की प्राण्याचे, हेही उघड केले पाहिजे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. आपण काय खातो हे जाणण्याचा अधिकार त्यात श्रद्धेच्या अंगाने मान्य झाला आहे.

तरीही काही नेम असे आहेत, की त्यांच्यापुढे कोणतेही वेष्टन मुके होते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बायका ऋषिपंचमी करतात. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही. छत्तीसगडातल्या माता मुलांच्या कल्याणासाठी कमरछठ करतात. उत्तरेकडील पंचांगाने ती भाद्रपद वद्य षष्ठीला येते, म्हणजे आपल्या गणनेने श्रावण वद्य षष्ठीला. नांगरलेल्या जमिनीतले काही त्या दिवशी चालत नाही, गाईचे दूधही नाही. दूध-दही घ्यायचे ते म्हशीचे. इथे पदार्थात काय आहे हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या श्रमाने पिकला, हे विचारायचे असते. त्या दिवसासाठी रायपूरच्या बाजारात पसहर तांदूळ विकायला येतो. तो डबक्यांच्या आणि तळ्यांच्या काठी आपोआप उगवतो आणि हाताने वेचून आणतात. त्याच्यावर ठिपका नसतो की यादी नसते. घेणारी बाई मुठीत दाणे घेऊन निरखते, आणि कुठून वेचले, हे विकणारीलाच विचारते.