झटका एकाएकी येत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वस्तीत कुणी अटॅकने गेला की लोक म्हणतात, "त्याचं तेवढंच लिहिलेलं होतं." आम्हाला हे पटत नाही. दुःखाला कारण असतं, हे तथागतांनी सांगितलं. मग या दुखण्यालाही कारण असलंच पाहिजे.

रक्तवाहिनी म्हणजे नळ, चरबीचा गाळ साचला की तुंबतो, असा समज आहे. ते अर्धंच खरं. चरबी वाहिनीच्या भिंतीत शिरते, तिच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिथं सूज धरते. ती वर्षानुवर्षं आत धुमसते. एक दिवस ती जागा फुटते, रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रोग्यांवरची एक चाचणी २०१७ साली जाहीर झाली. चरबी न घटवता नुसती सूज उतरवणाऱ्या औषधानेही पुढचे झटके कमी झाले. ते औषध महाग आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढवणारं. पण कारण सिद्ध झालं.

ही आग पेटवतं कोण? बिडी-तंबाखू, ब्लडप्रेशर, साखर आणि ताण. ताण आला की शरीर लढाईला उभं राहतं, प्रेशर चढतं. लढाई रोजचीच झाली तर वाहिनीला उसंत कुठली?

लोक म्हणतात, टेन्शन साहेबालाच. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा अभ्यास झाला. वरच्या साहेबांपेक्षा तळाच्या शिपाई-पहारेकऱ्यांत हृदयरोगाने मरण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. धूम्रपान, प्रेशर हिशेबात धरूनही बराच फरक उरला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात त्याचं एक मोठं कारण दिसलं: आपल्याच कामावर आपली सत्ता नसणं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आम्ही म्हणतो, तेही काळजाचं औषधच होतं.

तेव्हा बंधूंनो, तंबाखू सोडा. प्रेशर, साखर तपासा. गोळी मनानेच बंद करू नका. छातीत दाब, घाम, डाव्या हाताला कळ आली तर गॅस समजून सोडा पीत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. सकाळी आनापानाला जरूर बसा. पण कामाचे तास वाढवले जात असतील, तर नुसतं डोळे मिटून भागणार नाही. तिथं संघटितच व्हावं लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!