फायबरच्या होडीची कांती



महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. मे महिना सरू लागला की होड्या वाळूवर ओढल्या जातात आणि पावसापूर्वी शाकारल्या जातात. हा काळ वरवर विश्रांतीचा दिसतो. परंतु नौकेच्या आयुष्याच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत मोलाचा होय. जाळी याच दिवसांत दुरुस्त होतात, यंत्र याच दिवसांत उघडले जाते आणि होडीचे अंगही याच दिवसांत घासून स्वच्छ केले जाते. या घासण्यातच आज एक नुकसान नकळत घडत आहे.

लाकडी होडीची निगा कोळी व गाबीत समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. फळी खरवडावी, सांधीत कापूस भरावा, तेल द्यावे, ही रीत लाकडाला योग्यच होती. कारण फळीला जाडी असते आणि थोडे खरवडल्याने तिचे काही बिघडत नाही. फायबरग्लासच्या होडीची घडण मात्र निराळी आहे. काचेच्या सूक्ष्म तंतूंची चटई पॉलिएस्टर राळेत भिजवून ती साच्यात थरावर थर देऊन बसविली जाते. त्याआधी साच्याला रंगीत राळेचा जो पहिला हात दिला जातो, तोच पुढे होडीची बाहेरची तुकतुकीत त्वचा बनतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाइतकीच असते. लोखंडी खरवडणी, तारेचा ब्रश किंवा जाड पॉलिश पेपर दरवर्षी फिरविला, तर काही हंगामांत ही त्वचा संपते. मग पाणी आतील थरांत झिरपते, राळेचे विघटन होते, अंगावर फोड येतात आणि होडी दुबळी होते. कर्ज काढून घेतलेली होडी कर्ज फिटण्यापूर्वीच दुरुस्तीला काढावी लागली, तर तो भार साऱ्या कुटुंबावर पडतो.

म्हणून डाग काढण्यापूर्वी त्याची जात ओळखणे अगत्याचे आहे. डागावरून नख फिरवावे. नख न अडखळता सरकले, तर तो वर बसलेला डाग होय. तो निघू शकतो. नख अडले, तर तो ओरखडा होय. ओरखड्यात काचेचे तंतू दिसू लागले असतील, तर तेथे घासणे व्यर्थ आहे. ती जागा पूर्ण वाळवून नव्या जेलकोटने भरून घेतली पाहिजे.

धक्क्यावर टांगलेल्या जुन्या टायरांवर होडी आदळते आणि काळे पट्टे उमटतात. हे होडीचे रंग उडाल्याचे चिन्ह नसून टायरचे रबर तिच्या अंगाला लागलेले असते. प्रथम गोड्या पाण्याने मीठ व वाळू धुऊन काढावी. वाळू राहिली तर फडकेच पॉलिश पेपरचे काम करते. नंतर सौम्य साबण लावावा. पट्टा राहिलाच, तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मऊ फडक्याने हलके चोळावा. त्यानेही न गेल्यास फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन पुसावे व लगेच साबणाने धुवावे. मात्र जवळ विडी वा चूल नसावी. गॅरेजमध्ये मोटारींना वापरतात ते बारीक रबिंग कंपाउंड ही त्यापुढची पायरी. १००० किंवा त्याहून अधिक क्रमांकाचा वॉटर पेपर, तोही ओला, हा अगदी शेवटचा उपाय होय. प्रत्येक उपाय आधी कोपऱ्यातील लहानशा जागी करून पाहावा.

पाण्याच्या रेषेवरील तपकिरी पट्टा आणि खिळ्या-बोल्टांखाली ओघळलेला गंज यांवर साबणाचे काही चालत नाही. तेथे आम्ल लागते. तांब्याची घागर चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख होते, त्यामागे हेच तत्त्व आहे. कोवळ्या डागाला लिंबाचा रस पुरतो. जुन्या डागासाठी रंगाच्या दुकानात मिळणारे ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरल करून लावतात. ते गंजातील लोहाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळवते. ते अंगावर वाळू न देता काही मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावे. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा वापरावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल यांची गाठ कधीही पडू देऊ नये; त्यातून प्राणघातक क्लोरीन वायू निघतो.

माशांच्या रक्ताचे डाग थंड पाण्याने काढावेत. गरम पाण्याने ते अधिकच पक्के होतात. तळाला चिकटलेले कवचधारी जीव ओले असतानाच लाकडी वा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवावेत. लोखंडी काथ्या तर वापरूच नये. त्याचे तुटलेले कण अंगात रुततात आणि पुढच्या भरतीला तेच गंजाचे नवे डाग देतात. घासणे वाळूवर, खाडीपासून दूर करावे, म्हणजे आम्ल व तेल पाण्यात मिसळणार नाही.

शेवटी अंग कोरडे करून मेणाचा हात द्यावा. मेणावर डाग सहसा घट्ट बसत नाही आणि पुढच्या वर्षी घासण्याचे श्रम निम्मे होतात. रंग दिलेल्या तळाला मात्र मेण लावू नये.

हे ज्ञान अवघड नाही. ते केवळ वेळेवर पोहोचले पाहिजे. मच्छीमार सहकारी संस्थेच्या आवारात मे महिन्यात एका होडीवर प्रात्यक्षिक दाखविता येईल. किनाऱ्यावरील शाळेत आम्ल आणि गंज यांचा पाठ शिकविताना शिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. नदीकाठच्या ज्या ग्रामपंचायतींकडे पुराच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या फायबरच्या बोटी आहेत, त्यांनाही हीच निगा लागू पडते. नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा पाण्यात उतरेल, तेव्हा तिच्या अंगावर एखादा फिकट डाग राहिला तरी चालेल. तिची त्वचा मात्र शाबूत असली पाहिजे.